पेरभर मलम

शनिवारची सकाळ. हमामखान्यात बायकांची ही गर्दी, वाफेनं समोरचं माणूस दिसेना, आणि अंग घासणाऱ्या दोकजासमोरच्या बाकड्यावर एक गोरीगोमटी बाई आपली सहा वर्षांची पोर उताणी झोपवून म्हणत होती, "मावशी, हिला जरा चांगलं घासा. कोपरं बघा, कशी झालीत."

दोकजानं पोरीचा हात उचलून बघितला. कोपराच्या आतल्या घडीत कातडी लाल, जागोजाग चिरलेली, आणि चिरेतून पाणी येत होतं.

"हा मळ नाही," दोकजा म्हणाली. "इसब आहे."

"तेच हो. म्हणून तर तुमच्याकडे आणली. वरची खराब कातडी निघाली की खालून चांगली येईल ना."

दोकजानं हातातली हिरवी खरखरीत घासणी सारखी केली. "असं करू या," ती म्हणाली. "आधी तुझी पाठ सोलते. खालून चांगली आली, तर मग पोरीला घेते. वळ पालथी."

बाईनं पोर उचलली आणि तडक मालकिणीकडे गेली. मालकीण, बोंगसून तिचं नाव, कपाळाला हात लावूनच आत आली. "दोकजाताई, गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक आहे म्हणून पोर सोलून देऊ?"

"जरा गोड बोलून नाही म्हणता येत नाही का?"

"नाही येत," दोकजा म्हणाली आणि पुढच्या पाठीवर पाणी ओतलं.

कोरियातल्या गुन्सान बंदराच्या मागच्या गल्लीतला हा हमामखाना, आणि दोकजा तिथे गेली चौतीस वर्षं लोकांच्या अंगाचा मळ काढते. जिभेला हाड नाही, पण हात असा की पाठीवर फिरला की शेवयांसारख्या मळाच्या वळ्या निघतात, आणि बाई उठते ती हलकी होऊन. आमच्याकडे अंग स्वच्छ म्हणजे असं. नुसतं पाणी ओतलं ती काय अंघोळ झाली? गरम पाण्यात अर्धा तास भिजायचं, कातडी फुगू द्यायची, मग घासणीनं रगडायचं. आईनं लेकीला रगडायचं, लेकीनं आईची पाठ रगडायची. ज्या घरात मायलेकी एकमेकींची पाठ घासत नाहीत, त्या घराबद्दल लोक कुजबुजतात.

दोकजाच्या घराबद्दलही कुजबुजायचे. तिची लेक हेसू अठराव्या वर्षी घर सोडून गेली, ती त्यानंतर या हमामखान्याची पायरी चढली नाही. आईपुढे कधी बाही वर केली नाही. आणि आपली पोर सोदाम, पाच वर्षांची, तिच्या अंगाला आजीचा हात लागू दिला नाही. सणाला यायची, जेवायची, पोरीला मांडीवर घट्ट धरून बसायची, निघून जायची. दोकजाला एकच हवं होतं, नातीला एकदा आपल्या हातानं अंघोळ घालायची. मागायची हिंमत नव्हती, म्हणून ती बाकी सगळ्या जगावर खेकसायची.

आणि हेसूचं चुकत होतं असं नाही. ते मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला दोकजाची उगाच दया यायला नको.

हेसूला जन्मापासून इसब. दोकजाची सासू म्हणाली, पोटुशी असताना खेकडे खाल्लेस, त्याची उष्णता पोरीला बाधली. शेजारीण म्हणाली, गर्भातली उष्णता आहे, पोर चालायला लागली आणि पाय मातीला लागले की जाईल. पोर चालायला लागली, पळायला लागली, शाळेत जायला लागली. इसब कुठे जातंय? गुडघ्यामागून मानेवर आलं. मग जो तो शहाणा. कुणी दवणा उकळून लाव म्हणे, कुणी मीठपाणी, कुणी अंडं बंद कर, कुणी देवीला डुकराचं डोकं वाहा. फुकटचा सल्ला द्यायला लोकांचं काय जातं? खाजवत पोर बसते, त्यांची जीभ थोडीच सोलवटते?

पण दोकजाला झोंबलं ते वेगळंच. हमामखान्यात बायका हसल्या. "मळ काढणारीची लेक आणि कातडी बघा." बस्स. तळपायाची आग मस्तकात. दर रविवारी हमाम बंद झाला की ती सात वर्षांच्या हेसूला कढत पाण्यात बसवायची आणि मग बाकड्यावर घेऊन घासायची. सगळ्या गावाला घासायची त्याच्या दुप्पट. खरखरीत जागा दिसली की मळ समजायची, रगडायची, खाली लाल दिसलं की म्हणायची, निघालं एकदाचं. पोर टॉवेल दातात धरायची. ओरडली तर आई म्हणायची, "जरा कळ काढ, तुझ्याच भल्याचं आहे."

एका सोमवारी पोरीला ताप भरला. पायाच्या घड्या पिवळ्या पडून चिघळल्या होत्या. इस्पितळात नऊ दिवस. डॉक्टरनं दोकजाला सगळ्यांसमोर झापलं, जखमेत जंतू गेलेत, आणखी दोन दिवस उशीर केला असता तर पोर हातची गेली असती. घरी जाताना मलमाची ट्यूब दिली. आणि दोकजानं काय केलं? बायका म्हणाल्या, अगं, स्टेरॉइड आहे ते, विष, कातडी कागदासारखी पातळ होते, एकदा लावलं की जन्माचं मागे लागतं. दोकजानं ट्यूब कचऱ्यात टाकली. घासणं बंद केलं, पण मलमही लावलं नाही. पुढची अकरा वर्षं हेसू आपली आपण खाजवत मोठी झाली, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांत. शिकली, पहिला पगार हातात आला तशी स्वतःच चामडीच्या डॉक्टरकडे गेली. बरी झाली म्हणण्यापेक्षा, आपलं इसब सांभाळायला शिकली.

इस्पितळाच्या त्या नऊ दिवसांपासून दोकजा इसबवाल्या पोरांना घासत नाही. पण ते का, हे तिनं लेकीला कधी सांगितलं नाही. माफी तर लांबच.

आणि गेल्या शरदात हेसूचा फोन आला.

"पित्ताशय पिकलंय. पोट उघडावं लागणार म्हणतात. आठवडाभर राहावं लागेल."

दोकजाच्या तोंडातून निघालं, "वेळेवर जेवायला काय होतं तुला?"

"मिनसोक जहाजावर आहे, डिसेंबरशिवाय येत नाही. सोदामला ठेवायला दुसरं कुणी नाही. असतं तर तुला फोन केला नसता."

मिनसोक म्हणजे जावई, जहाजावर इंजिनवाला. दोकजानं आठवडाभराची सुट्टी टाकली. बोंगसून काही बोलायच्या आत म्हणाली, "मला काढून टाकायचं असेल तर टाक." बोंगसूननं टाकलं नाही. चौतीस वर्षांत दोकजानं सुट्टी मागितलेली ही तिसरी वेळ.

हेसू पोरीला सोडायला आली तेव्हा चेहरा पांढराफटक. तरी बसली नाही. सोदामलाही आईसारखंच इसब, म्हणून पिशवीतून दोन ट्यूबा, क्रीमचा मोठा डबा आणि एक कागद काढला. कागद फ्रिजवर चिकटवला आणि वाचून दाखवला, जणू आई निरक्षर आहे.

"रोज कोमट पाणी. गरम नाही, कोमट. दहा मिनिटं, जास्त नाही. साबण फक्त जिथे लागेल तिथे. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच लाल जागेवर मलम, बाकी सगळीकडे क्रीम. नखं कापायची. सुती कपडे."

"चौतीस वर्षं मी कातडीचंच काम करते," दोकजा म्हणाली.

"ते मला माहीत आहे," हेसू म्हणाली. "म्हणून कागद लिहिला." मग बोटाचं पहिलं पेर दाखवलं. "मलम एवढं. पेरभर. एवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा भरते. लाल असेल तिथे रोज, लाली जाईपर्यंत. आणि हमामखान्यात न्यायचं नाही. नेलंस, किंवा घरी जरी घासलंस, तर ही तुला परत दिसणार नाही. मी नुसतं बोलत नाहीये, आई."

दोकजाला भयंकर राग आला. लेकीच्या तोंडून हे ऐकायचं, आणि वर लेक म्हणते ते खरं. याच्याएवढा अपमान दुसरा नाही. "जा आता," ती म्हणाली, "गाडी थांबलीय."

आणि मग दोकजा कागदाला चिकटली. कुणी डोळ्यात तेल घालून बघितलं असतं तरी चूक सापडली नसती. पाण्यात कोपर बुडवून कोमट बघायची. घड्याळ लावून दहा मिनिटं. टॉवेल असा टेकवायची की पोर म्हणे, "आजी, पाणी तर तसंच आहे." घासणी तिनं घरातूनच हद्दपार केली, बोंगसूनकडे देऊन आली.

चुकलं ते मलमात.

पहिल्याच दिवशी तिनं पेरभर मलम काढलं आणि नातीच्या मानेला हात लावला. सोदामनं मान आखडली. "आजी, तुझे हात टोचतात."

टोचणारच. चौतीस वर्षं पाण्यात आणि घासणीत गेलेले हात, तळव्याला भेगा, बोटांची टोकं वजरीसारखी. दोकजानं हात मागे घेतला तो असा, की जणू पुन्हा घासतच होती. त्या क्षणी तिला हेसूचा दातात धरलेला टॉवेल दिसला आणि पाठोपाठ बायकांचं ते जुनं तुणतुणं, विष, कातडी पातळ होते. तिनं पेरावरचं मलम पुसून टाकलं, कान साफ करायची कापसाची काडी आणली, तिच्या टोकाला मोहरीएवढं मलम घेतलं आणि लाल जागेवर ठिपका ठेवला. एक ठिपका मानेला, एक कोपराला, एक गुडघ्यामागे. कागदावर मलम लावायचं लिहिलंय, लावलं. दोकजानं स्वतःला असं समजावलं. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिते हो, पण ही तर ताक प्यालीच नाही, नुसतं ओठाला लावलं.

तिसऱ्या दिवशी मानेची लाली वर चढली. चौथ्या दिवशी गुडघ्यामागे चीर पडली, पोर शाळेत न जाता कोपऱ्यात बसून उशीवर मान घासायला लागली. बोंगसून दवण्याची मोळी घेऊन आली. "उकळून अंगावर ओत. या औषधांचं काही खरं नाही, ताई."

"तो पाला घेऊन जा," दोकजा म्हणाली, "नाहीतर तुझ्या डोक्यावर उकळते."

"मी भल्याचं सांगतेय."

"भल्याचं सांगणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलं. आणि मी ऐकलं, म्हणून माझंही नाव त्यात."

मग ती औषधवाल्याकडे गेली आणि ट्यूब त्याच्या पुढ्यात आपटली. "हे काय दिलंय? काही फरक नाही."

चष्म्यावरून बघत तो म्हणाला, "किती लावता?"

"सांगितलंय तेवढं."

"मग दोन दिवसांत फरक दिसायला हवा. पुरेसं लावताय ना? पुष्कळ लोक घाबरून कमी लावतात."

"मला घाबरट म्हणतोस?" दोकजा म्हणाली आणि तरातरा निघून आली. पोरीला खाज सुटली होती आणि आजी खोटं बोलून आली होती. घरी येऊन ती फोन घेऊन बसली, हेसूचा नंबर काढला, आणि ठेवून दिला. पोट शिवलेल्या लेकीला काय सांगायचं, तुझ्या पोरीला हात लावायची मला भीती वाटते? जीभ झडली असती तिची. सगळ्या गावाला तोंडावर बोलणारी बाई, आणि चार शब्द घशाबाहेर येईनात.

आठवडा भरला त्या दिवशी दुपारी टॅक्सी दारात थांबली. हेसू पोटावर हात दाबून, भिंतीला धरत आत आली. सोदाम धावली. हेसूनं तिची मान बघितली, मग गुडघे बघितले. चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला.

"घासलंस."

"नाही घासलं."

"खोटं बोलू नकोस. ही लाली मी ओळखते. सातव्या वर्षी माझ्याही अंगावर हीच होती."

"हेसू, मी हात लावला नाही तिला."

"सोदाम, बूट घाल," हेसू म्हणाली आणि वाकून पोरीचे कपडे गोळा करायला गेली. कळ आली तशी अर्ध्यातच थांबली, ओठ चावला, पुन्हा वाकली. "कुणाकडेही ठेवीन. अनाथाश्रमात ठेवीन. इथे नाही."

"टाके उसवतील."

"उसवू देत."

सोदाम एक बूट हातात घेऊन उभी होती. "आजीनं खरंच नाही लावला हात," ती म्हणाली. "आजी काडीनं लावते."

"कसली काडी?"

"कानाची."

हेसूनं फ्रिजवरची ट्यूब उचलली. आठवडाभर पेरपेरभर लावलेली ट्यूब निम्मी चपटी व्हायला हवी होती. ती होती तशीच गुबगुबीत. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि आईकडे बघितलं. आणि खरं सांगते, आधीचा राग काहीच नाही असा राग आता तिला आला.

"म्हणजे याही वेळी तू औषध टाकलंस."

"टाकलं नाही. कमी लावलं."

"एकच आहे ते. तू पुन्हा तेच केलंस, आई. तेव्हाही तुझ्याच डोक्यानं, आताही तुझ्याच डोक्यानं. पेर दाखवलं होतं ना मी? स्पष्ट दाखवलं होतं. आठवडाभर पोर खाजवतेय आणि तू काडीनं ठिपके देतेस?"

"मग काय करू?" दोकजाचा आवाज असा चढला की खिडकीतल्या शेजारणीनं काच लावून घेतली. "हे बघ हात. बघ. ती म्हणाली टोचतात. तुला लावले तेव्हा तू मरायला टेकलीस. याच हातांनी. आता तिच्या मानेवर कसे ठेवू? विष म्हणतात तेही डोक्यातून जात नाही, आणि हे हातही जात नाहीत. घाबरले मी. दिवसभर घाबरलेली असते. ऐकायचं होतं ना तुला? घे ऐकून."

हेसू स्टुलावर बसली, कारण उभं राहवत नव्हतं.

"फोन का नाही केलास?" मग तिनं विचारलं.

"तू पोट फाडून पडलेली."

"मेले नव्हते मी. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुला विचारायचंच नसतं. तेव्हाही डॉक्टरला विचारलं नाहीस, गल्लीला विचारलंस."

"हो," दोकजा म्हणाली.

तेवढंच म्हणाली. दोकजाच्या तोंडून वाद न घालता निघालेला 'हो' त्या घरानं पहिल्यांदा ऐकला असेल.

हेसूनं पोटावरचा हात काढला आणि पोरीकडे बघितलं. वाकता येत नव्हतं, पोरीला अंघोळ घालता येणार नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि त्याचाही राग येत होता. "पाणी काढ," ती म्हणाली. "कोमट."

दोकजानं घंगाळात पाणी काढलं, सोदामला बसवलं, दहा मिनिटांनी उचललं, टिपलं. हेसू स्टुलावरून एकेक हालचाल बघत होती. चूक काढायला काही मिळालं नाही, तेव्हा आणखी चिडली. दोकजानं सवयीनं काडीच्या डबीकडे हात नेला.

"ठेव ती," हेसू म्हणाली. "इकडे ये."

आणि तिनं डाव्या हाताची बाही वर केली. खांद्यापर्यंत. कोपराच्या घडीत कातडी जाड, काळसर, जुन्या ओरखड्यांनी भरलेली, आणि इस्पितळाच्या आठवड्यात त्यावर पुन्हा ताजी लाली उमटलेली. दोकजानं तो हात उघडा बघितला त्याला अठरा वर्षं झाली होती.

"आधी मला लाव," हेसू म्हणाली. "चुकलीस तर मला कळेल. तिच्यावर शिकायचं नाही."

दोकजानं पेरभर मलम काढलं. बोट लेकीच्या हातापर्यंत नेलं आणि तिथेच थांबलं.

"थांबलीस का?"

"टोचेल."

"टोचू दे. लाव. रगडायचं नाही, नुसतं पसरायचं. चमकलं पाहिजे. आणि माफ केलं असं समजू नकोस."

दोकजानं बोट टेकवलं. काळसर कातडीवरून हळूहळू, मग सगळ्या तळव्यानं. मलम चमकायला लागलं. तिच्या नाकातून पाणी आलं, ते तिनं दंडाला पुसलं, हात सोडला नाही.

"माझं चुकलं," ती चिडल्यासारखीच म्हणाली. "तेव्हाही आणि आताही. झालं समाधान?"

"नाही," हेसू म्हणाली. तिनं बाही खाली केली नाही. "आता तिला लाव. थंडी वाजेल तिला."